पॉवर स्टेअरिंगमधली हवा : घरी काढावी का, आणि कुठवर?

पंप किंवा पाइप बदलून गाडी गॅरेजबाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर बॉनेटखालून घुंऽऽ असा आवाज आला, की मेस्त्रींचे उत्तर ठरलेले असते : "एअर धरलीय. ऑइल बघत राहा, स्टेअरिंग चार वेळा फुल मारा, निघून जाईल." बऱ्याचदा ती निघूनही जाते. पण काही गाड्यांत आवाज आठवड्याभरात परत येतो, काहींत तो जातच नाही आणि काहींत या फुल मारण्याच्या भरात नवाकोरा पंपच तापून खराब होतो. सल्ला एकच असताना परिणाम असे वेगळे का? हवा काढण्याच्या प्रचलित पद्धती कोणत्या, त्यामागे कारण काय, त्यांतली कोणती घरच्या पार्किंगमध्ये करण्याजोगी आहे आणि कुठे हात आवरावा, याचा हा आढावा.

आधी, गाडीत ऑइल आहे का?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग ही अमेरिकन अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांची १९२०च्या दशकातली कामगिरी. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केल्यामुळे जड वाहने वळवणे किती कष्टाचे असते, याची त्यांना कल्पना होती. विक्रीच्या मोटारीत मात्र ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पिरिअलमध्ये. पुढे १९८८ साली सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत ऑइल आणि पंप दोन्ही रद्द करून विजेच्या मोटरवर चालणारे स्टेअरिंग दिले. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच स्टेअरिंग असते. ईपीएस या नावाने ते ओळखले जाते. त्यात ऑइल नाही, तेव्हा हवा धरण्याचा प्रश्नच नाही. अशा गाडीचे स्टेअरिंग जड झाले तर दोष बॅटरी, वायरिंग, सेन्सर किंवा मोटर यांत शोधायचा.

मग ऑइलवाले स्टेअरिंग उरले कुठे? बोलेरो, सुमो, क्वालिस, इनोव्हा, जुनी स्कॉर्पिओ, जुनी सफारी ही त्यातली नेहमीची नावे. पहिल्या पिढीतली होंडा सिटी आणि ॲक्सेंटही त्याच घरातल्या. तालुक्याच्या गावाहून सुटणाऱ्या वडापमध्ये, लग्नाच्या वऱ्हाडात आणि बांधकामाच्या साइटवर याच गाड्या अजून दिसतात. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर तर आहेतच. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे परिचित असलेल्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टेअरिंग गिअर या कंपनीचा कारखाना आहे आणि जड वाहनांची हायड्रॉलिक स्टेअरिंग हीच त्याची ओळख आहे. म्हणजे नव्या मोटारींपुरता हा प्रश्न मागे पडत असला तरी रस्त्यावर तो अजून रोजचा आहे.

तिसराही एक प्रकार आहे. काही युरोपीय गाड्यांत ऑइल असते, पण पंप इंजिनच्या बेल्टवर न चालता विजेच्या मोटरवर चालतो. त्यांची हवा काढण्याची रीत वेगळी असते आणि काहींना स्कॅनर जोडावा लागतो. पुढचे विवेचन बेल्टवर चालणाऱ्या पंपाबद्दल आहे. बॉनेट उघडून बेल्टवरचा पंप आणि झाकणावर स्टेअरिंगचे चित्र असलेली ऑइलची डबी दिसली, तर हा लेख आपल्या गाडीसाठी आहे.

हवा नेमके काय बिघडवते

तेल दाबले तरी फारसे आकसत नाही, हवा आकसते. सगळी गडबड या एका फरकातून निघते. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग वळवले, तर ऑइलचा दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. कारच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो. इतक्या दाबाखाली हवेचा बुडबुडा मूळ आकारमानाच्या अगदी किरकोळ हिश्शाइतका होतो आणि दाब उतरताच पुन्हा फुगतो. चाके वळवणारी रॅक ढकलण्यासाठी असलेला जोर बुडबुडे चेपण्यात खर्च होतो. म्हणून स्टेअरिंग मध्येच हलके, मध्येच जड लागते, पार्किंग करताना हाताला थरथर जाणवते. पंपात बुडबुडे चेपून फुटतात, त्याचा आवाज म्हणजे ती घुंऽऽ.

आवाज सहन करता येतो, पण खरे नुकसान आत होते. पंपातल्या पात्यांना वंगण मिळते ते याच ऑइलमधून. फेसाळलेले ऑइल धातूवर नीट थर धरत नाही. पात्या आणि त्यांच्या भोवतीची कडी घासू लागते. घासलेल्या धातूचा बारीक चुरा ऑइलबरोबर रॅकपर्यंत जातो आणि तिथल्या सिलांना ओरखडे पाडतो. महिनाभर दुर्लक्षिलेल्या हवेची किंमत अशी पंपावरून रॅकपर्यंत चढत जाते. स्टेअरिंग हातातून सुटेल ही भीती मात्र अनाठायी आहे. चाके आणि स्टेअरिंग यांचा यांत्रिक जोड कायम असतो. मदत गेली तरी गाडी वळते, फक्त खूप जड वळते. आंबोलीच्या किंवा माळशेजच्या वळणावर अचानक तसे झाले, तर तेवढेही पुरेसे धोक्याचे असते.

ब्रेकची हवा काढायला चाकाशी निप्पल असतो. बहुतेक कारच्या स्टेअरिंगला तो नसतो. कारण ब्रेकचे पाइप चाकाशी जाऊन संपतात, तर स्टेअरिंगचे ऑइल फिरते राहते : डबीतून पंपात, पंपातून स्टेअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये, तिथून रिटर्न पाइपने पुन्हा डबीत. डबीत आलेला बुडबुडा वर येतो आणि झाकणाच्या वाटेने बाहेर पडतो. पण रॅकच्या नळकांड्यातले डावा-उजवा असे दोन कप्पे या फेऱ्याच्या बाहेर आहेत. त्यांत ऑइल ज्या पाइपने जाते त्याच पाइपने माघारी येते. इंजिन तासभर चालू ठेवले, तरी त्या कप्प्यांतली हवा जागची हलत नाही. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेले, की आतला पिस्टन एक कप्पा रिकामा करतो आणि दुसरा भरतो. मेस्त्रींचा "फुल मारा" हा सल्ला याच कारणाने बरोबर आहे. प्रश्न तो कसा आणि केव्हा अमलात आणायचा, एवढाच आहे.

हवा शिरते कुठून

दुरुस्तीत पाइप उघडला की हवा शिरणारच. ती सर्वांत सोपी गोष्ट, कारण वाट माहीत असते आणि ती बंदही झालेली असते. अवघड आहे ती न उघडता शिरलेली हवा.

इथे बहुतेकांची एक समजूत आड येते : ऑइल गळत नाही, म्हणजे कुठे फट नाही. पंपापासून रॅकपर्यंतच्या दाबाच्या बाजूला हे खरे आहे. तिथे फट पडली तर ऑइल ठिबकते. पण डबी आणि पंप यांच्यामधल्या पाइपात दाब नसून ओढ असते. शहाळ्याची नळी चिरलेली असली की पाणी बाहेर सांडत नाही, ओढताना तोंडात हवा येते. तसेच इथे होते. डबीखालच्या पाइपाची सैल क्लिप, तापून कडक झालेले रबर, पंपाच्या तोंडाशी असलेली वाळलेली ओ-रिंग यांपैकी काहीही पुरे. जमिनीवर थेंब नाही, डबीतली पातळी जागेवर, तरी आवाज चालूच. होंडाच्या जुन्या अकॉर्डसारख्या गाड्यांत पंपाच्या तोंडाशी असलेली छोटी ओ-रिंग हेच अशा आवाजाचे ठरलेले कारण असते; ती न बदलता पंप बदलण्याचा खर्च कित्येकांनी केला आहे.

दुसरे कारण म्हणजे कमी झालेली पातळी. डबीत ऑइल कमी असले, की वळणावर ते एका बाजूला जाते आणि पंपाला घोटभर हवा मिळते. पण पातळी कमी झाली याचाच अर्थ ऑइल कुठेतरी जाते आहे. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहावेत; आत ऑइल लागले तर रॅकचे सील गेले. तिसरे कारण डबीतच असते. अनेक डब्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. जुन्या ऑइलच्या गाळाने ती तुंबली, की पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही, ओढ वाढते आणि ऑइलमध्येच विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. अशा वेळी बाहेरून हवा शिरलेलीच नसते, म्हणून ती कितीही काढली तरी संपत नाही.

तीन पद्धती

पहिली पद्धत इंजिन बंद ठेवून. पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलायची, डबीत ऑइल पातळीच्या खुणेपर्यंत भरायचे, किल्ली फिरवून स्टेअरिंगचे लॉक काढायचे आणि इंजिन चालू न करता स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे. पंधरा-वीस फेऱ्या कराव्यात. दुसऱ्या माणसाने डबीकडे लक्ष ठेवावे. बुडबुडे येतात, पातळी उतरते, ती लगेच भरून काढायची. पंपाला एकदा जरी हवा मिळाली, तर सगळे पहिल्यापासून. डबीत बुडबुडे येणे थांबले आणि पातळी स्थिर राहिली, की हा टप्पा संपला.

या पद्धतीला घाईत वगळले जाते, पण तिच्या बाजूने भौतिकशास्त्र आहे. पंप फिरला की तो हवा आणि ऑइल घुसळून बारीक बुडबुड्यांचा फेस करतो. १८५१ साली जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमानुसार द्रवात बुडबुडा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. बुडबुडा दहापट लहान, तर त्याला वर यायला शंभरपट वेळ. इंजिन बंद असताना हवा मोठ्या बुडबुड्यांनी निघते आणि डबीत आली की लगेच वर जाते. तीच हवा पंपात एकदा दळली गेली, की ऑइल दुधाळ होते आणि ते निवळायला तास लागतात.

दुसरी पद्धत इंजिन चालू ठेवून, आणि ती पहिलीच्या नंतर करायची असते, तिच्याऐवजी नव्हे. इंजिन साध्या आयडलवर ठेवायचे, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे न्यायचे. टोकाला किती थांबावे याबद्दल मतभेद आहेत. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिका दोन-तीन सेकंद थांबायला सांगतात. काही जण टोकाला टेकण्याआधीच मागे फिरा म्हणतात. जास्त वेळ धरू नये, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. टोकाला स्टेअरिंग दाबून धरले, की ऑइलला जायला जागा राहत नाही, पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच ऑइल पंपातल्या पंपात फिरून झपाट्याने तापते. नवा पंप पहिल्याच दिवशी खराब होतो तो असा. पाच सेकंद ही वरची मर्यादा मानावी.

ऑइल फेसाळलेच, तर इंजिन बंद करून वाट पाहणे हाच उपाय. कोमट ऑइल पातळ असल्याने त्यातून बुडबुडे लवकर वर येतात. तासाभराने फेस बसला नाही तर गाडी रात्रभर तशीच ठेवावी. या थांबण्याला पर्याय म्हणून फेऱ्या वाढवणाऱ्यांच्या हाती आणखी फेसच लागतो.

तिसरी पद्धत व्हॅक्यूमची. डबीच्या तोंडावर रबरी बूच बसवून हातपंपाने आतली हवा ओढायची. फोर्डच्या पुस्तिकांत ६८ ते ८५ किलोपास्कल इतकी ओढ सांगितलेली असते. ६८ किलोपास्कल ओढले, तर डबीत वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश दाब उरतो. तितक्याने बुडबुड्याचे आकारमान तिप्पट होते, व्यास सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो आणि वर येण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. शिवाय कोपऱ्यात चिकटून बसलेला बुडबुडाही फुगून सुटतो. हट्टी हवेवर ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे. मात्र बूच घट्ट बसायला हवे, ओढ पुस्तिकेतल्या आकड्यापुढे नेऊ नये आणि जुनी, तडकलेली प्लॅस्टिकची डबी असेल तर हा प्रयोग टाळावा. वर्षातून एकदा कधीतरी लागणाऱ्या कामासाठी हे साधन विकत घेण्यापेक्षा ते असलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेणे परवडते.

ऑइल बदलताना होणारी चूक

घरी ऑइल बदलणारे बरेच जण रिटर्न पाइप काढून बाटलीत सोडतात आणि इंजिन चालू करतात. पंप डबी काही सेकंदांत रिकामी करतो. वरून ओतणारा माणूस मागे पडला की पंप कोरडा आणि यंत्रणा हवेने भरलेली. न शिरलेली हवा अशी आपणच आत घालतो. हेच काम इंजिन बंद ठेवून, चाके उचलून, स्टेअरिंग फिरवत केले तर ऑइल सावकाश बाहेर येते आणि भरायला वेळ मिळतो.

त्याहून सोपा मार्ग मोठ्या सिरिंजचा. डबीतले जुने ऑइल ओढून काढायचे, नवे भरायचे, दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तेच. एकही पाइप उघडावा लागत नाही, म्हणून हवा शिरत नाही. पूर्ण यंत्रणेत साधारण एक लिटर ऑइल असते. त्यातला तिसरा हिस्सा डबीत असेल असे धरले, तर तीन वेळा बदलल्यावर जुने ऑइल सुमारे ३० टक्के उरते आणि पाच वेळांनंतर १३ टक्के. काम संथ आहे, पण घरच्या घरी करायला यासारखे निर्धोक दुसरे नाही.

कोणते ऑइल, याचे उत्तर फक्त गाडीच्या पुस्तिकेत किंवा डबीच्या झाकणावर असते. पुष्कळ गाड्यांत लाल रंगाचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल चालते. डेक्सरॉन हे त्यातले परिचित नाव. होंडा मात्र स्वतःचेच पॉवर स्टेअरिंग ऑइल वापरायला सांगते आणि एटीएफ नको म्हणते. काही जर्मन गाड्यांना हिरवे सिंथेटिक ऑइल लागते. विसंगत ऑइल मिसळले तर फेस वाढू शकतो आणि सील फुगू शकतात. मग हवा शोधत बसण्याची वेळ येते ती विनाकारण. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ब्रेक ऑइल ओतणे. ते या यंत्रणेतले रबर खराब करते. चुकून ओतले गेले तर इंजिन चालू न करता गाडी टो करून न्यावी.

निघाली की नाही, हे कसे कळते

आवाज थांबला म्हणजे हवा गेली, असे नाही. टोयोटाच्या पुस्तिकांतली एक कसोटी कुठल्याही हायड्रॉलिक स्टेअरिंगला लावून पाहण्याजोगी आहे. ऑइल नेहमीच्या तापमानाला आल्यावर इंजिन चालू असताना डबीतली पातळी बघायची, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबायचे आणि पुन्हा बघायची. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली, तर आत अजून हवा आहे. इंजिन चालू असताना दाबाखाली चेपलेली हवा, इंजिन बंद होताच फुगते आणि ऑइलला वर ढकलते. एका पट्टीने होणारी ही चाचणी कानावर विसंबण्यापेक्षा कितीतरी खात्रीची आहे.

त्याच पुस्तिकांत आणखी एक सूचना असते : फेसामुळे दुसऱ्यांदा हवा काढावी लागली, तर गळती शोधा. या विषयावरचे सगळे शहाणपण त्या एका वाक्यात आले आहे. नीट काढलेली हवा आपोआप परत येत नाही. ती परत आली, तर तिची वाट उघडी आहे.

घरी करावे का?

पाइप, पंप किंवा ऑइल बदलल्यानंतरची, म्हणजे कारण माहीत असलेली हवा घरी जरूर काढावी. त्यासाठी कौशल्यापेक्षा सबुरी लागते. अट एकच, चाके उचलण्याची सोय पक्की हवी. गाडीसोबत येणारा जॅक टायर बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर स्टेअरिंग हलवत बसू नये. दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात, मागच्या चाकांना अडण घालावी, हँडब्रेक ओढावा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा उतारावर हा उद्योग करूच नये. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता डब्यात भरून, जळके ऑइल साठवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

विनादुरुस्ती शिरलेली हवा असेल, तर स्टेअरिंगला हात लावण्याआधी डबीखालचा पाइप, त्याची क्लिप, पंपाच्या तोंडाची ओ-रिंग आणि डबीतली जाळी या चार जागा पाहाव्यात. यांतल्या बहुतेक वस्तू स्वस्त आहेत आणि घरी बदलता येतात. रॅकच्या बुटात ऑइल असेल, ऑइलमध्ये चकाकणारा धातूचा चुरा दिसत असेल, पंप इंजिनवर न चालता विजेवर चालत असेल किंवा एकदा नीट हवा काढूनही पातळीची चाचणी नापास होत असेल, तर गाडी गॅरेजला न्यावी. तिथेही "एअर काढून द्या" एवढेच सांगू नका. "एअर कुठून येते ते बघा" असे सांगा. पहिल्या कामाचे पैसे पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, दुसऱ्याचे एकदाच.